एकट्याच्या मालकीचा धंदा: करारातलं 'लवाद' कलम आणि गावपातळीवरचे कर, दोन्ही समजून घ्या

तालुक्यातल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याकडे मागच्या वर्षी एकाच आठवड्यात दोन कागद आले. एक ग्रामपंचायतीची थकीत कराची नोटीस होती, शिपायाने हातात आणून दिलेली. दुसरा कागद पोस्टाने आला होता. तो इंग्रजीत होता आणि लांबच्या शहरातून, माल वाहायच्या पिकअपच्या कर्जाबद्दल पाठवलेला होता. पहिल्या कागदावर तो तावातावाने ग्रामपंचायतीत जाऊन भांडला. दुसरा कागद त्याने पिशवीत घालून दाराच्या मागे खुंटीला अडकवला. "कोर्टाचा शिक्का नव्हता, मग कशाला धावायचं?" असं त्याचं म्हणणं.

ग्रामपंचायतीच्या कागदाला उत्तर द्यायला वेळ होता आणि वरती दोन ठिकाणी दाद मागता येत होती. खुंटीवरचा कागद मात्र लवादाचा होता. तो गैरहजर राहिला, निवाडा त्याच्या विरोधात झाला आणि तोही पोस्टानेच घरी आला. वकिलाकडे गेला तेव्हा दाद मागायच्या तीन महिन्यांतले अकरा दिवस उरले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार.

त्याचं नाव देत नाही, पण त्याच्या संमतीने ही गोष्ट सांगतोय. किराणा, गिरणी, कृषी सेवा केंद्र, गॅरेज, पोल्ट्री, टेम्पो, हॉटेल, सेतू केंद्र असा एकट्याच्या नावावर धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या घरात असे कागद आहेत. म्हणून दोन्ही विषय एकत्र मांडत आहे. हा लेख जपून ठेवा.

आधी मूळ गोष्ट: धंदा आणि तुम्ही वेगळे नाही

एकल मालकी म्हणजे दुकानाला नाव काहीही द्या, कायद्यापुढे दुकान म्हणजे तुम्हीच. पॅन तुमचाच आणि कर्जही तुमचंच. 'श्री अमुक ट्रेडर्स करिता' असा शिक्का मारून सही केली म्हणून घर आणि इतर मालमत्ता बाजूला राहत नाही. कंपनीचं तसं नसतं. तिथे कंपनी वेगळी आणि मालक वेगळा.

त्यामुळे करारात काय लिहिलंय आणि कर कोणता थकलाय, याचा भार शेवटी घरावर येतो. एकच दिलासा आहे. दिवाणी हुकुमाच्या वसुलीत शेतकऱ्याचं स्वतःच्या वापरातलं राहतं घर, शेतीची अवजारं, उपजीविकेला लागणारी जनावरं आणि बियाणं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीपासून संरक्षण आहे. पण ती वस्तू किंवा घर त्याच कर्जाला गहाण असेल, तर या संरक्षणावर विसंबून राहू नका.

भाग पहिला: गावपातळीवरचे कर

१) ग्रामपंचायतीची घरपट्टी

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली ग्रामपंचायत कर आणि फी बसवते. इमारत व जमिनीवरचा कर म्हणजे आपली घरपट्टी, त्याच्याबरोबर दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी. आठवडी बाजारात बसणाऱ्याकडून बाजार फी.

सध्याची घरपट्टी भांडवली मूल्यावर काढतात. म्हणजे जागेचं क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार (आरसीसी, दगड-विटा, पत्रा वगैरे), इमारतीचं वय आणि वापर, हे सगळं बघून. घरापेक्षा दुकानाला आकारणी जास्त लागते. गडबड होते ती इथेच.

ग्रामपंचायतीकडून नमुना ८ चा उतारा काढा. त्यात तीन गोष्टी बघा. क्षेत्रफळ बरोबर आहे का? पत्र्याचं शेड आरसीसी म्हणून लागलंय का? पुढच्या एका खोलीत दुकान असताना अख्खं घर व्यावसायिक म्हणून लागलंय का? तसं असेल तर 'राहण्याचा भाग आणि दुकानाचा भाग वेगळा धरा' असा लेखी अर्ज मोजमापासह द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून नोंद बदलत नाही.

आकारणी साधारण दर चार वर्षांनी सुधारली जाते. त्या वेळी यादी लावतात आणि हरकती मागवतात. हरकत घ्यायची वेळ तीच. नंतर ओरडून उपयोग कमी.

आकारणी चुकीची वाटली तर पहिलं अपील पंचायत समितीकडे. तिथेही समाधान झालं नाही तर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे, आणि तिचा निर्णय अंतिम. अपील म्हणजे साधा अर्ज, बिल आणि नमुना ८ जोडून.

पैसे भरले की नमुना १० ची पावती घ्या. वहीत लिहून घेतलं, व्हॉट्सअॅपवर 'मिळाले' आलं, हे चालत नाही. बिलात एखादं न कळणारं शीर्षक दिसलं तर ते कोणत्या ठरावाने आणि कोणत्या दराने लावलं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे.

कर थकला तर आधी बिल, मग मागणीची नोटीस आणि तरीही न भरल्यास जंगम मालाची जप्ती, असा क्रम आहे. आणखी एक गोष्ट निवडणुकीच्या तोंडावरच आठवते. बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्य व्हायला किंवा राहायला कलम १४ नुसार अपात्र ठरतो. चार-पाचशे रुपयांच्या थकबाकीवर विरोधकांनी हरकत घेतल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत.

भाड्याच्या गाळ्यात धंदा असेल तर 'सर्व कर भाडेकरू भरेल' असं करारात लिहिलेलं असतं. हे तुमचं आणि मालकाचं आपसातलं ठरलं. ग्रामपंचायत त्याने बांधली जात नाही. म्हणून कोणता कर कोण भरणार हे नावानिशी लिहा, आणि गाळा ताब्यात घेण्याआधीची थकबाकी मालकाची, हेही लिहून घ्या.

२) व्यवसाय कर

हा राज्याचा कर आहे, पण गावात याबद्दल गैरसमज फार. महाराष्ट्रात हा १९७५ च्या कायद्याने आला आणि रोजगार हमी योजनेला पैसा उभा करणं हा त्यामागचा हेतू होता. राज्यघटनेच्या कलम २७६ मुळे एका माणसावर वर्षाला २५०० रुपयांपेक्षा जास्त व्यवसाय कर लावता येत नाही. कोणी एजंट तुमच्या एकट्याचा वर्षाचा व्यवसाय कर म्हणून याहून जास्त मागत असेल तर हिशेब विचारा. त्यात मागची वर्षं, व्याज किंवा त्याची स्वतःची फी असते.

याच्या दोन नोंदण्या आहेत:

- पीटीईसी: तुमच्या स्वतःच्या धंद्यासाठी. जीएसटी नोंदणी असलेल्या धंदेवाल्याला हा लागू आहे, वर्षाला २५०० रुपये. आधीपासून नोंदणी असलेल्याने ३० जूनपर्यंत भरायचा.
- पीटीआरसी: तुमच्याकडे पगारी माणसं असतील तर त्यांच्या पगारातून कापून भरण्यासाठी. पुरुष कामगाराचा महिना पगार ७५०० पर्यंत असेल तर काही नाही. ७५०१ ते १०,००० असेल तर महिन्याला १७५. त्याच्या वर असेल तर २०० आणि फेब्रुवारीत ३००. महिला कामगाराला २५,००० पर्यंत पगारावर हा कर नाही.

वयाची ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना या करातून सूट आहे.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. धंदा बंद केला, जीएसटी नंबर रद्द केला आणि पीटीईसी तशीच राहिली. मग दर वर्षी २५०० आणि वर व्याज, असं खातं फुगत जातं. धंदा बंद केला की महाजीएसटीच्या संकेतस्थळावर पीटीईसी रद्द करण्याचा वेगळा अर्ज करा.

३) ज्याला लोक कर समजतात, पण तो कर नाही

'शॉप अॅक्ट' हा कर नाही. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीसुद्धा नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पोचपावती घ्यायची. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे घेत असेल तर तो त्याच्या मेहनतीचे घेतोय, सरकारचे नव्हे.

जीएसटी नोंदणी आपल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीनंतर आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांनंतर लागते. स्वतः पिकवलेला शेतमाल विकणाऱ्या शेतकऱ्याला त्या विक्रीसाठी नोंदणीची गरज नाही.

भाग दुसरा: करारातला लवाद

लवाद म्हणजे काय?

दोन पक्षांनी आधीच लेखी ठरवलेलं असतं की वाद झाला तर कोर्टात न जाता एका तिऱ्हाईत माणसाकडे जायचं आणि तो देईल तो निवाडा मानायचा. तो माणूस म्हणजे लवाद. कायदा आहे लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६.

हे गावातल्या पंचांसारखं वाटतं, पण तसं नाही. पारावरच्या पंचांचं ऐकलं नाही तर फार तर बोलणं बंद होतं. लवादाचा निवाडा मात्र कोर्टाच्या हुकुमासारखा वसूल होतो (कलम ३६). उलट, लेखी करार नसेल तर पंचांनी दिलेला तोंडी निर्णय या कायद्याखालचा निवाडा होत नाही.

तुम्ही सही केलेली आहे का?

बहुतेक वेळा हो. ट्रॅक्टर, पिकअप, जेसीबीचं कर्ज, खत-बियाणं कंपनीची डीलरशिप, पोल्ट्रीचा करार, मोबाइल टॉवरची जागा, यांच्या छापील कागदात शेवटच्या पानांवर हे कलम असतं. मोबाइलवर ओटीपी देऊन केलेला करारही लेखीच धरला जातो. तसंच एकल मालकाच्या मृत्यूने लवाद करार संपत नाही (कलम ४०), वारसांसमोर तो पुढे चालतो. म्हणून घरात निदान एकाला तरी कागद कुठे आहेत हे माहीत असू द्या.

सही करण्याआधी पाच गोष्टी बघा

१. लवाद कोण नेमणार? 'कंपनी नेमेल तो एकमेव लवाद' असं असेल तर थांबा. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये चूक ठरवलं. सरकारी करारांबाबत नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीची कलमं समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचं सांगितलं.

२. ठिकाण कोणतं? करारात 'लवादाचे स्थान चेन्नई' लिहिलं असेल तर निवाड्याविरुद्धचा अर्जही तिथल्याच कोर्टात जातो. जाण्या-येण्याचा खर्च धरा. स्थान आपल्या जिल्ह्याचं मागा.

३. भाषा कोणती? दोन्ही पक्षांना भाषा ठरवायची मोकळीक कायद्यात आहे. मराठी लिहून घेता येतं.

४. खर्च कोणाचा? लवादाची फी निम्मी-निम्मी की हरेल त्याची, हे लिहिलेलं हवं. छोट्या रकमेच्या वादात फीच डोईजड होते.

५. शब्द काय आहेत? 'लवादाकडे सोपवला जाईल' हे बंधन आहे. 'सोपवता येईल' असं मोघम असेल तर तो पक्का लवाद करार नसल्याचा मुद्दा कोर्टात मांडता येतो.

मोठी कंपनी छापील करार बदलत नाही हे मान्य. पण डीलर, गाळामालक, ठेकेदार यांच्याशी आपसात करार करताना हे सगळं आपल्या हातात असतं. तिथे साधारण असं लिहिता येईल:

*"या करारातून उद्भवणारा कोणताही वाद उभयपक्षी लेखी संमतीने नेमलेल्या एका तटस्थ लवादाकडे लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ नुसार सोपवला जाईल. लवादाचे स्थान (जिल्ह्याचे ठिकाण) राहील व कामकाज मराठीत चालेल. लवादाचा खर्च दोन्ही पक्ष समान करतील."*

लवादाच्या नावावर ३० दिवसांत एकमत झालं नाही तर उच्च न्यायालयाकडे नेमणुकीची मागणी करता येते. करार योग्य मुद्रांकावर करा. मुद्रांक कमी पडला म्हणून लवाद करार रद्दबातल होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. पण कमी पडलेला मुद्रांक आणि त्यावरचा दंड भरूनच गाडी पुढे जाते.

लवादाची नोटीस आली तर काय करायचं?

- पाकीट घ्या. परत पाठवलं म्हणून प्रकरण थांबत नाही. पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहा.
- दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या, स्पीड पोस्टाने किंवा ईमेलने, आणि प्रत ठेवा.
- लवाद समोरच्याने एकट्यानेच नेमला असेल तर 'या नेमणुकीला माझी हरकत आहे' हे पहिल्याच उत्तरात लिहा. 'मला हा लवाद मान्य आहे' अशा कागदावर सही मागितली तर वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. वाद झाल्यानंतर अशी लेखी मान्यता दिली तर हरकतीचा हक्क जातो.
- हप्त्याच्या पावत्या, बँक उतारा, गाडी ओढून नेली असेल तर त्या दिवशीचा पंचनामा किंवा फोटो, हे सगळं जोडा. गाडी किती रुपयांना विकली याचा हिशेब मागा.
- ऑनलाइन सुनावणी मागता येते.

गैरहजर राहिलात म्हणून तुम्ही कबुली दिली असं कायदा धरत नाही. पण लवाद समोरच्याच्या कागदांवर निवाडा देऊ शकतो, आणि समोर कागद एकाच बाजूचे असले की निवाडा कुठे झुकणार हे सांगायला नको.

निवाडा विरोधात गेला तर? निवाड्याची प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत कलम ३४ खाली कोर्टात अर्ज करावा लागतो. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस मिळतात. त्यानंतर एक दिवसही नाही. इथे पुन्हा पहिल्यापासून खटला चालत नाही. नेमणूक चुकीची होती, नोटीस मिळाली नाही, बाजू मांडू दिली नाही, अशी मोजकीच कारणं चालतात.

आपणच पैसे मागणारे असू तर? तेव्हा लवाद कलम आपल्याही कामाचं आहे. मात्र तीन वर्षांची मुदत इथेही लागू आहे, 'देतो, देतो' यावर भिजत घोंगडं ठेवू नका. वस्तू बनवणारा किंवा सेवा देणारा लहान उद्योजक असाल आणि काम घेण्याआधी उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी सुविधा परिषदेकडे अर्ज करता येतो, करारात दुसरं लवाद कलम असलं तरीही. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. नुसता माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र या मार्गावर भिस्त ठेवू नये.

दोन्हींची सांगड: कशात लवाद चालतो, कशात नाही

कर बसवणं आणि वसूल करणं हा सरकारचा अधिकार आहे. त्यावरचा वाद खासगी लवादाकडे जात नाही. घरपट्टी जास्त लागली, पीटीईसीची नोटीस आली, यावर दाद त्या त्या कायद्यात सांगितलेल्या अधिकाऱ्याकडेच. 'आमच्या करारात लवाद आहे' हे ग्रामपंचायतीला सांगून उपयोग नाही.

पण कर तुम्ही भरलात आणि करारानुसार तो दुसऱ्याने द्यायचा होता, तर तुमच्या दोघांतला तो पैशाचा वाद लवादाकडे जाऊ शकतो. म्हणून पावती जपा, तोच पुरावा.

भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूचा गाळा खाली करण्याचा वादही लवादात चालत नाही. फौजदारी गुन्हे नाहीत. चेक न वटल्याची केस लवाद कलम असूनही कोर्टात चालू शकते. आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेलं यंत्र खराब निघालं, तर लवाद कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं.

मदत कुठे?

तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्न गटाला तिथे मोफत वकील मिळू शकतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक १५१०० आहे. घरपट्टीच्या अपिलाची चौकशी पंचायत समितीत करा.

घरात एक फाइल करा

त्यात नमुना ८, चालू वर्षाची नमुना १० पावती, पीटीईसी प्रमाणपत्र व चलन, शॉप अॅक्टची पोच, उद्यम प्रमाणपत्र, आणि प्रत्येक कर्जाचा व कराराचा पूर्ण संच ठेवा. नुसतं पहिलं पान नको. सही केली त्याच दिवशी कंपनीकडून सगळ्या पानांची प्रत मागून घ्या, आणि लवादाचं कलम ज्या पानावर आहे त्याचा कोपरा दुमडून ठेवा.

गिरणीवाल्याने उरलेल्या अकरा दिवसांत अर्ज दाखल केला. लवाद एकतर्फी नेमल्याचा मुद्दा त्यात आहे. प्रकरण अजून चालू आहे. ग्रामपंचायतीचा कर त्याने भरून टाकला आणि घराचा व गिरणीचा भाग वेगळा लावून घेतला. खुंटीवरची पिशवी आता रिकामी आहे. त्यातले कागद फाइलला लागलेत.